चालकाच्या सीटवरची सवारी

सोमवार, संध्याकाळ

सीपरी बाजारातून ऑटोने कामावर जाणाऱ्यांनो, आपल्याला पोत्यांसारखं कोंबतात आणि आपण मुकाट सरकून बसतो! उद्या स्टँडवर भाषणाची सुरुवात अशीच करणार.

आज मागची सीट भरली, म्हणून चालकाने आमच्या शेजारी राहणाऱ्या कुसुमला स्वतःच्या सीटच्या कडेवर बसवलं. निम्मी बाहेरच. वळणावर ती कलंडली. मी मागून दंड धरला म्हणून वाचली. चप्पल रस्त्यावर पडून ट्रकखाली गेली.

मी ऑटो थांबवायला लावला. चालक म्हणाला, “माताजी, सोमवार को सब ऐसेई जात हैं.”

माझ्या बाजूला बसलेले बाबूजी करवादले, “भाषण सभा में दीजिए, हमें दफ़्तर पहुँचना है.”

त्यांचं सोडा. पण कुसुम? एक पाय अनवाणी, आणि म्हणते, “जाऊ द्या ना काकू, साहेब ओरडतील.” तो अनवाणी पाय डोळ्यांपुढून हलत नाही. साहेबांची भीती ट्रकच्या चाकापेक्षा मोठी कधी झाली?

हसतील, हसू देत. उद्या आधी कुसुमला सांगेन, मग सगळ्यांना: उशीर झाला तरी होऊ द्या, पण चालकाच्या सीटवर कोणीही बसू नका.