सड्यावरची खुर्ची

कट्टा, ता. मालवण
४ नोव्हेंबर २०२४

प्रिय शेवंते,

हाताचं प्लास्टर निघालं का? निघालं म्हणून लगेच विहिरीवर पाणी ओढायला जाऊ नकोस. मी ठणठणीत आहे. फोन न करता लिहिते आहे, कारण फोनवर तू मध्येच "कधी येतेस?" म्हणतेस आणि माझं पुढचं बोलणं तुटतं.

तर उत्तर आधीच देते. तुळशीचं लग्न झालं की येते. कायमची. दुकान आवरत आणलं आहे, उरलेले स्पेअर पार्ट कुडाळचा एकजण नेणार आहे. तू पाठवलेली खोलीची किल्ली माझ्या कमरेला आहे. भिंतींना पांढरा रंग दे. तुझा तो पोपटी नको. हॉस्टेलवर असताना आपण ठरवलं होतं, संसार उरकले की दोघींनी समुद्रासमोर राहायचं आणि कुणाचा स्वयंपाक करायचा नाही. बी.कॉम.चं मी सगळं विसरले, हे विसरले नाही.

एकच काम उरलं आहे. जुन्या मोटरसायकलींच्या शर्यती भरवणारे आपल्याकडे तीन क्लब आहेत. आमचा मालवणचा, तुमचा देवगडचा आणि दोडामार्गचा. पूर्वी तिघांची मिळून एकच शर्यत व्हायची, आमच्या सड्यावर, जांभ्या दगडाच्या त्या उघड्या माळावर. भाई गेले आणि तिन्ही क्लब वेगळे झाले. (नवऱ्याला मी भाई म्हणते, पण तू अजून त्यांना 'रुक्मीचा राजदूतवाला' म्हणतेस, मला ठाऊक आहे.) आता तीन ठिकाणी तीन शर्यती, मोजकीच माणसं आणि बघायला त्यांचेच मेहुणे. दोडामार्गवाल्यांना गोव्यातून टायर मिळतात, देवगडकडे मेलेलं इंजिन उठवणारा मेस्त्री आहे, आमच्याकडे सडा आहे. सुटे सुटे तिघेही लंगडे. एकत्र आले तर बेळगाव-कोल्हापूरचे स्वार येतील, नवी मुलं येतील. नाहीतर हा खेळ आमच्या पिढीबरोबर भंगारात जाईल.

तिघांनाही मी काउंटरवरून पार्ट विकले आणि तिघांनाही झापलं. त्यामुळे बोलणी मी लावावीत यावर त्यांचं एकमत झालं. रविवारी देवळात बैठक आहे. ती संपली की मी मोकळी.

तुझी,
रुक्मिणी

*

कट्टा
२ डिसेंबर २०२४

शेवंते,

तुळशीचं लग्न होऊन गेलं. मी आले नाही. तू फोन केलेस, मी उचलले नाहीत. आता रागावून झालं असेल तर वाच.

बैठक चांगली झाली. आधी भांडले, पण ते धरलेलंच होतं. जुनी गाडी कशाला म्हणायचं, यावर दोडामार्गचा बाबू म्हणाला, "मालवणच्यांच्यो गाड्यो जुन्यो नाय, नुसत्यो गंजलेल्यो!" आमच्यातला एकजण उठला, "आणि तुमच्यो? गोव्यात नवो रंग मारून आणलेल्यो!" मी म्हटलं, "दोघेही खाली बसा. गाडीचं वय कागदावर बघू, तोंडावर नाही." बसले. नियम ठरले. जानेवारीत आमच्या सड्यावर एकच शर्यत, हेही ठरलं.

मग देवळाचे मानकरी बाळा गावकर गाऱ्हाणं घालायला उभे राहिले. नारळ ठेवला. आम्ही सगळे हात जोडून मागे. तुला आपल्याकडची रीत माहीत आहे. ते एकेक मागणं म्हणतात आणि आपण दरेकाला होकार देतो. लहानपणापासूनची सवय, अर्थाकडे कोण लक्ष देतो?

"बा देवा म्हाराजा! आज ही तीनय मंडळा एक जाली, तेंका एकीन ऱ्हवाची बुद्धी दी, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"सड्यार येतल्या पोरांच्या हातापायाक सांभाळ, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि आमच्या रुक्मिणीबायन जल्मभर ह्यो गाडो हाकुचो पत्करल्यान हा, तिका बळ दी, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

शेवंते, मीसुद्धा म्हटलं. सगळ्यांबरोबर, मोठ्याने. नारळ फुटला तेव्हा कळलं काय म्हटलं ते. तिन्ही क्लबांचा गाडा जन्मभर हाकायला मी हो म्हटलं होतं.

मी देवभोळी नाही. पण देवासमोर, तीन तालुक्यांच्या माणसांसमोर दिलेला होकार मागे कसा घ्यायचा? बैठकीत कुणी अध्यक्षपद पुढे केलं असतं तर मी पाच कारणं सांगितली असती. गाऱ्हाण्याशी वाद घालता येत नाही. बाहेर बाळा गावकरांना मी म्हटलं, "मला विचारलं का नाही?" तर म्हणाले, "गो, विचारला आसता तर तू नाय म्हटला आसतस."

आता मी इतके दिवस टाळलेलं लिहिते. त्यांना मीच का हवी, ते.

सड्यावर एक आंधळं वळण आहे. तिथे एक माणूस पिवळा झेंडा घेऊन उभा असतो. पुढे कुणी पडलं तर मागच्याला झेंडा दाखवायचा. भाई गेले त्या दिवशी दोडामार्गचा मंगेश उभा होता. पुढे एकजण पडला, मागून भाई वेगात आले, त्याला चुकवायला गेले आणि कातळावर आपटले. मंगेशने झेंडा दाखवला, भाईंनीच मानला नाही, असं दोडामार्ग म्हणतं. मंगेशचं लक्ष नव्हतं, असं मालवण म्हणतं. क्लब फुटले ते यावरून. मी तेव्हा दुकानात होते. मला काहीच माहीत नाही.

मी खुर्चीत बसले की हा प्रश्न कुणी काढू शकत नाही. भाईंच्या बायकोच्या तोंडावर कसा काढणार? मी नसले की दुसऱ्या दिवशी काढतील आणि एकाचे पुन्हा तीन होतील.

गेल्या आठवड्यात मंगेश दुकानात आला. तो कसा वाळला आहे, बघवत नाही. म्हणाला, "काकी, तुमी खुर्चेर बसल्यात म्हणान माका सड्यार येवक गावता. नायतर माका कोण उभो करतलो?" मग खाली बघून म्हणाला, "त्या दिसाचा तुमका सांगूचा होता..."

मी म्हटलं, "ते नटबोल्ट वेगळे कर आधी."

त्याने केले. सगळे, मापाप्रमाणे. मग गेला.

मला ऐकायचं नव्हतं असं नाही. रोज रात्री पाठ टेकली की तेवढंच ऐकायचं असतं. पण त्याने काहीही सांगितलं असतं तरी मला एक बाजू घ्यावी लागली असती. आणि माझ्या खुर्चीला बाजू नाही.

काल जागा आखायला सड्यावर गेलो. गवत कापून झालं आहे, जांभा उघडा पडला आहे. पोरांनी कौतुकाने अध्यक्षांची खुर्ची मांडून दाखवली. सगळी शर्यत नीट दिसावी म्हणून वळणाच्या अगदी समोर. "बरी आसा मा, काकी?" मी म्हटलं, "बरी आहे. पाय हलतो आहे, खाली दगड लावा."

किल्ली परत पाठवते आहे. पोस्टाचा भरवसा नाही, म्हणून तुमच्या देवगड क्लबच्या समर्थच्या हाती. खोली अडवून ठेवू नकोस, कुणाला तरी दे. रंग पोपटी दिलास तरी चालेल.

समर्थला चहा दे. भाईंच्या पुढे जो पडला होता, तो हाच. त्याने सगळं पाहिलं आहे आणि तो बोलका आहे. तू न विचारताही सांगेल.

मग मला पत्र लिही. समुद्राचं लिही, हाताचं लिही, मला शिव्या दे. तो सांगेल तेवढं सोडून सगळं लिही.

तुझीच, पण इथली,
रुक्मिणी