सुनेची भूक

३ नोव्हेंबर

नवे बूट आणले! जांभळे! अभिजीतचं लग्न होऊन तीन महिने नाही झाले, अन् सूनबाई पहाटे ट्रॅकसूट घालून बोरगावच्या रस्त्यानं फिरायला निघाली. ब्याऐंशी किलोची पोरगी. लाज कशी वाटत नाही? शेजारच्या सुचिताबाई फाटकात उभ्या होत्या. वाटलं, आता हसतील. तर म्हणे — "तुमची तेजस्विनी किती ऐटीत चालते हो!"

मी चोपन्नाव्या वर्षी पंचेचाळीस किलो. मला कोणी कधी असं म्हटलं नाही.

६ नोव्हेंबर

भाकर, वरण, ढीगभर मेथी. मजेत चावून चावून खाते. वर मागते — "आई, अजून थोडी भाजी द्या ना." मागते! सासरी! मी या घरात आली तेव्हा उरलं तर जेवायची. मग तीच सवय झाली. ह्यांनी एकदा मित्रांसमोर म्हटलं होतं, आमची मीना म्हणजे चवळीची शेंग. त्या एका वाक्यावर तीस वर्षं काढली मी.

विचारलं तिला, वजन उतरलं का? "काटा पाहतच नाही मी, आई. पांढुर्ण्याला आमच्या घरी सगळ्यांचं हाडच मोठं. जिना चढताना दम लागते का, तेवढं पाहते." मग आरशासमोर टिकली लावली अन् हसली. स्वतःकडेच पाहून!

७ नोव्हेंबर

तिच्या भाजीत दोन चमचे तूप जास्त टाकलं. मुद्दाम.

८ नोव्हेंबर

आजही टाकलं. "आई, काय चव आहे!" म्हणाली. डोकं दुखून राहिलं माझं.

१५ नोव्हेंबर

भिशीच्या बायका घरी आल्या. खुर्च्या कमी पडल्या. मी म्हटलं — तेजस्विनीला तर दोन लागतात! सगळ्या हसल्या. ती नाही हसली. आवाज न चढवता म्हणाली, "आई, मले माझं शरीर आवडते. तुमचं असं बोलणं नाही आवडत."

सगळ्यांसमोर! संध्याकाळी ह्यांना सांगितलं, तर ह्यांनी तिचीच बाजू घेतली. "पोरीत दम आहे," म्हणे. माझ्यात कधी दिसला नाही तो?

२१ नोव्हेंबर

दवाखान्यात आहे. सलाईन लागली आहे. उजवा हात मोकळा, म्हणून लिहून राहिली.

काल गच्चीवर कपडे वाळत टाकताना डोळ्यांपुढे अंधारी आली. सकाळपासून पोटात नुसता चहा. भान आलं तेव्हा मी तेजस्विनीच्या हातांवर होती. उचललं तिनं मला! अख्खा जिना उतरली — कुठं थांबली नाही, धापली नाही. माझा कान तिच्या छातीला लागला होता. इतका हेवा वाटला त्या दंडांचा! तेव्हासुद्धा हेवाच.

रक्त तपासलं, हिमोग्लोबिन साडेसहा निघालं. डॉक्टरीणबाईंनी तिलाच झापलं — "सासूला खायला देत नाही का?" ती खाली मान घालून ऐकत होती. मला राहवलं नाही. त्या गेल्यावर तुपाचं सांगून टाकलं.

तिचा चेहरा उतरला. "काऊन, आई?"

"तू पोटभर जेवते म्हणून."

उठून बाहेर गेली. बराच वेळ आली नाही. आली तेव्हा डोळे लाल. पेलाभर वरणाचं पाणी पुढं धरलं. मी सगळं प्याली.

२४ नोव्हेंबर

घरी आली. तेजस्विनी अजून मोजकंच बोलते. दुपारी मात्र चार ताटं एकदम वाढली अन् माझा हात धरून बसवलं. मी दुसरी भाकर घेतली. अभिजीत घास हातात धरून पाहतच राहिला.

"काय झालं रे?"

"काही नाही. तुले जेवताना मी पहिल्यांदाच पाहून राहिलो, आई."

एकतीस वर्षांचा आहे तो.