श्वास वीस

लातूर,
११ फेब्रुवारी

प्रिय सिंधु,

तुझे गुडघे कसे आहेत? उदगीरच्या थंडीत कुरकुरत असतील. मी बरी आहे. लघवीचं इन्फेक्शन, सलाइन चालू आहे, एवढंच. दवाखाना चकचकीत. वरणात डाळ शोधावी लागते.

काल ताप उतरला. दरदरून घाम फुटला, तसा शिवकुमारने महादेवाला नारळ फोडून वॉर्डभर पेढे वाटले. माझ्या बहिणीचा हा मुलगा जीव लावतो, पण डोकं गहाण ठेवून. "मावशी, लई घाम आला बघा. सुटलाव आता!"

घाम थंड होता, सिंधु. बोटं अजून थंडच आहेत. इन्फेक्शन रक्तात उतरलंय.

इथल्या मुली येतात, स्क्रीनकडे बघतात आणि जातात. नाडी पंचाहत्तर म्हणून सगळे खूश. माझी ब्लडप्रेशरची गोळी नाडी वाढूच देत नाही, हे कुणी विचारायचं? श्वास तर न मोजताच सगळ्यांचा मिनिटाला वीस लिहितात. शेजारची बाई धापा टाकते, तिचाही वीस. नांदेडच्या नर्सिंग शाळेत आपण दोघींनी घसा फोडून काय शिकवलं गं? पोटावर हात ठेवा, मिनिटभर मोजा. मिशनच्या शाळेतल्या नन्सनी मला इंग्रजी शिकवलं, शिव्या उदगीरने. आज सकाळी दोन्ही वापरल्या.

तेव्हा कुठे दीपमाला नावाच्या नर्सने माझ्या पोटावर हात ठेवला. मोजत गेली तसा तिचा चेहरा बदलला. "म्याडम, चौतीस हाय की!" आणि पळतच डॉक्टरांकडे गेली. मला रडू आलं. मरायला टेकलेल्या बाईला आनंदाने रडू येतं, हे आपण कधी शिकवलं नव्हतं.

डॉक्टर आले, हसले. "आजी, तुम्ही घाबरलाय." मग माझ्यादेखत तिला म्हणाले, "मॉनिटर कशाला लावलाय? तो बघायला शिक आधी." तिने मान खाली घातली. थोड्या वेळाने तक्त्यावर पुन्हा वीस लिहिलं. 

घाबरलेय म्हणून संध्याकाळी झोपेचं इंजेक्शन द्यायचं ठरलं. मी साफ नकार दिला. शिवकुमारने सही केली. "मावशी, तुमी जन्मभर दुसऱ्यायला शिकवलाव. आता जरा पेशंट व्हा की. उगं घाबरायलाव." आराम पडावा म्हणून फोनही घेऊन गेला. मी ओरडले, तर ते भ्रमाचं लक्षण ठरलं.

हा चौतीस श्वासच मला धरून आहे. झोपेच्या औषधाने तो मंदावला की काय होतं, ते तुला सांगायला नको.

वॉर्डातल्या आयाबाई सुमनबाई हे पत्र पेटीत टाकणार आहेत. तुला मिळेपर्यंत किती दिवस जातील ते जाणतेस, म्हणून धावत येऊ नकोस. भांडायलाही येऊ नकोस. मी भांडून पाहिलं, सिंधु. आपण जे शिकवलं ते त्या मुलीला येत होतं. ते येऊनही काही उपयोग झाला नाही. हे कळलं नसतं तर बरं झालं असतं.

इंजेक्शनचा ट्रे घेऊन दीपमालाच येतेय. माझ्याकडे बघत नाहीये.

तुझी,
पूर्ण शुद्धीवर असलेली,
दानम्मा