वाईचं पाणी प्यालेली

वाई, मंगळवार

प्रिय गोदा,

पाकिटावर 'सौ. राजेश्वरी' लिहिलंय, नाहीतर सांगलीचा पोस्टमन पत्र परत धाडायचा. आत मात्र तुला माहेरच्या नावानेच हाक मारतोय. इतक्या वर्षांनी देवदत्तला काय सुचलं, म्हणशील. डोकं फिरलंय माझं, दुसरं काय!

शाळेतून निवृत्त झालो आणि वाईच्या माणसांचा चरित्रकोश करायचं खूळ घेतलं. ते लावलं एका अरबाने. आठशे वर्षांपूर्वी दमास्कसच्या एका इतिहासकाराने आपल्या शहरातल्या माणसांची चरित्रं लिहिली, हजारोंनी. नुसती तिथे जन्मलेल्यांची नव्हेत. जो आला, चार दिवस राहिला, पुढे गेला, तोही त्याचाच. बायकासुद्धा आहेत. आमच्या कोश समितीचं सगळंच उलटं. दुसऱ्याला घ्यायचं म्हटलं की यांच्या पोटात दुखतं, आणि स्वतःचा आजोबा असला की दोन पानं कमी पडतात. दर निवडणुकीला अनामत घालवणाऱ्या विष्णुपंतांना अख्खं पान दिलंय, फोटोसकट! नातू समितीत आहे ना.

मी एकच नोंद मागतोय, तर तीच अडवून बसलेत. तुझी.

तुझे वडील बँकेच्या बदलीवर आले, तुम्ही जेमतेम तीन वर्षं राहिलात, हे मलाही कळतं. पण तेव्हा घाटावर मुलींनी धुणी धुवायची आणि पोहायचं मुलांनी, अशीच रीत होती. तू भर श्रावणात उडी टाकलीस. लोक ओरडले, गोदावरी कृष्णेला मिळाली! तू पलीकडे लागलीस आणि निथळत्या परकराने पुलावरून परत आलीस. पुढच्या उन्हाळ्यात गल्लीतल्या मुलींच्या पाठीला वाळके भोपळे बांधून त्यांनाही पाण्यात उतरवलंस. आज त्यांच्या नाती पोहतात. हे मी बैठकीत सांगितलं, तर समितीतला शंभूराज म्हणतो, "आवं गुर्जी, नदी पवली म्हंजी काय गड जिंकला व्हय? आन लग्नात बाईचं ज्या घरी नाव पडलं, त्येच तिचं गाव." सगळ्यांनी माना डोलावल्या. दमास्कसचा दाखला दिला, तर म्हणे मग तिकडंच छापा की! असा संताप आला, गोदा, की चहा तसाच टाकून उठलो.

सून अंकिता विचारते, बाबा, एका नोंदीसाठी एवढं भांडण? तिला मी त्या अरबाचंच कारण सांगितलं. तुला खरं सांगतो. तुझ्या लग्नात मी पंगतीत वाढत होतो. ताटातल्या तांदळात अंगठीने तुझं नवं नाव लिहिलं, पेढे वाटले, आणि ते ताट आत न्यायला मलाच सांगितलं. नेताना तांदूळ हलले, नाव मोडलं. मला फार बरं वाटलं.

रविवारी शेवटची बैठक आहे. बाईंनी स्वतः जुन्या नावाने लिहून दिलं तरच विचार करू, असं समितीने ऐकवलंय. म्हणून हे पत्र. मी वाईची, एवढंच लिही आणि खाली गोदावरी अशी सही कर. तेव्हा तुला इथे ठेवून घेणं माझ्या हातात नव्हतं. कोशात ठेवणं आहे.

तुझाच,
देवदत्त