तू वायर उपटलीस त्या दिवसाबद्दल

आई, मी लातूरच्या ऑफिसात बसलेय आणि समोरच्या काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी सरकताहेत. एका दवाखान्याच्या सर्व्हरवर अपडेट चालू आहे. हेच माझं काम. कमांड टाइप करायची, मग यंत्र कुठली पॅकेजेस, म्हणजे प्रोग्रामचे गठ्ठे, आणणार, कुठली काढणार ते दाखवतं, पुढे जाऊ का विचारतं, आणि आपण हो म्हटलं की कामाला लागतं. त्यानंतर हात लावायचा नसतो, नुसतं बसायचं. असं बसलं की तू आठवतेस. प्रेमानं आठवतेस असं म्हणणार नाही. तुझा हात आठवतो.

तू मुदखेडच्या शाळेत बाई होतीस, रोज नांदेडहून गाडीनं जायचीस. तुझ्या वर्गात पोरं खोकायलाही भ्यायची आणि लोक त्याला शिस्त म्हणायचे. घरी लाटणं, पट्टी, चप्पल, जे हाताला येईल ते. दूध उतू गेलं म्हणून तू माझ्या दंडावर तापलेली सांडशी टेकवली होतीस. तुझा आवाज चढला की बाबा अंगणात जाऊन नळाची तोटी तपासत बसायचे. पण जुना कॉम्प्युटर आणलास तोही तूच, रिक्षात मांडीवर धरून, कुणाला हात लावू न देता. इंजिनिअरिंगच्या पोरीला लागतो म्हणालीस आणि स्वयंपाकघरात फ्रीजशेजारी मांडलास, म्हणजे पोळ्या लाटताना माझ्यावर तुझी नजर राहील.

त्या दिवशी मी सकाळपासून त्याच्यासमोर आहे. दुसऱ्या दिवशी एका कंपनीची नोकरीसाठीची परीक्षा घरून द्यायची आहे, तिला लागणारा प्रोग्राम आमच्या जुन्या सिस्टिमवर चढत नाही, म्हणून सगळी सिस्टिमच नवी करायला घेतलीय. मोबाइलच्या नेटवर फाइली थेंबथेंब उतरल्या आणि दुपारी कुठे त्या बसायला लागल्या. तेवढ्यात तू आलीस, रोजच्यापेक्षा लवकर. दारातूनच विचारलंस, "सकाळपासून काय करून राहिलीस तू?" मी मान वळवली नाही. म्हटलं, थांब आई, मध्ये बंद करता येत नाही.

तू भिंतीतला प्लग ओढलास. पडदा विझला. मग मागून वायर उपटलीस आणि तिचाच चाबूक केलास. तो जाड प्लग माझ्या पाठीवर बसला, मानेवर बसला, मी हात मध्ये घातले तर बोटांवर बसला. एरवी मारताना तू माझे गुन्हे वाचून दाखवायचीस. त्या दिवशी एक शब्द नाही, नुसता तुझा श्वास. करंगळी मोडली तेव्हा आवाज झाला, तोही मला ऐकू आला. मग काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. मी वायर पकडली, मनगटाला गुंडाळली आणि सगळ्या अंगानं ओढली. तू पुढे आलीस आणि ओट्याच्या फरशीवर कपाळ आपटून खाली बसलीस. रक्त भुवईवरून डोळ्यात उतरलं. वायर आता माझ्याकडे होती. मी ती तुझ्या खांद्यावर मारली, पूर्ण ताकदीनं. मला बरं वाटलं, आई. दुसऱ्यांदा हात वर गेला आणि तुझा गाल दिसला. त्यावर बोटं उमटली होती. जाड, पुरुषाची.

मी विचारलं कुणी मारलं. तू पदर कपाळाला लावलास.

"एका पोराच्या बापानं. वर्गात. पोरांसमोर."

तो गिरणीवाला आहे, एवढंच पुढे सांगितलंस. का मारलं ते मी विचारलं नाही. मग फरशीवर बसल्या बसल्या तूच म्हणालीस, "लाव ती वायर. राहिलेलं कर."

मशीन चालू झालं, पण नेहमीचं चित्र आलंच नाही. काळा पडदा, आणि नाव नि पासवर्ड मागणारी एक ओळ. मी उरलेल्या बोटांनी टाइप केलं. नवं काही बसवायला गेले तर ते ऐकेना, आधीचं काम मध्येच तुटलंय, ते आधी पुरं कर, असं सांगत होतं आणि त्यासाठीची कमांडही लिहून देत होतं. मी ती दिली. ओळी सरकू लागल्या. तू मागे येऊन उभी राहिलीस आणि सवयीनं मोठ्यानं वाचू लागलीस, एकेका पॅकेजचं नाव, इंग्रजीचा तास घेतल्यासारखं. हे काय करून राहिलंय, असं विचारलंस. मी म्हटलं, अर्धवट राहिलेलं एकेक बसवून राहिलंय. शेवटची ओळ येईपर्यंत वाचत राहिलीस.

परीक्षा मी बोटांना पट्टी बांधून दिली. ती नोकरी मिळाली नाही, नंतरची मिळाली. तू मला परत कधी मारलं नाहीस. जवळही घेतलं नाहीस. मग तू आजारी पडलीस आणि गेलीस.

मी मात्र त्या माणसाचा राग सोडला नव्हता. तू मला मारलंस हे आपल्या घरातलं होतं. त्यानं तुला मारलं ते मला सहन होत नव्हतं. गेल्या वर्षी मी मुदखेडला उतरले आणि विचारत विचारत गिरणीवर गेले. पर्समध्ये पाना होता. त्याचं डोकं फोडायचं म्हणूनच गेले होते. आत पट्टा फिरत होता, पिठानं पांढरा झालेला एक म्हातारा बसला होता आणि त्याचा मोठा झालेला मुलगा गिरणीच्या तोंडात ज्वारी ओतत होता. म्हाताऱ्यानं हाक मारली, मग उठून त्याच्या खांद्याला हात लावला, तेव्हा मुलगा वळला. मी तुझं नाव काढलं, शाळेतल्या बाई म्हणून. म्हाताऱ्यानं माझ्याकडे बघितलं.

"ह्याचा कान फोडला त्यांनी. पाढा चुकला म्हणून. त्या कानानं ह्याला आता काहीच ऐकू येत न्हाई." मग थोडं थांबून म्हणाला, "मीबी बाईमाणसावर हात टाकाया नको होता. पर त्या दिशी ह्याच्या शर्टावर लई रगत होतं."

मुलानं मला बसायला पोतं झटकून दिलं. पर्स मी मांडीवर घट्ट धरून बसले. म्हाताऱ्यानं विचारलं, तुम्ही बाईंच्या कोण.

मी म्हटलं, विद्यार्थिनी.

मुलगी आहे असं म्हणायला तोंड उघडलं होतं, आई. निघालं ते हे. हे लिहिलेलं तुला पाठवायचं नाही, पोचणारही नाही. पण कुठेतरी सांगून टाकायचं होतं.