दर्याचा पाव आटा

३ नोव्हेंबर, सोम.
फेब्रुवारीच्या पानावर लिहिलंय, "दादाच्या गाडीचं इंजिन ठोके देत होतं, मी ऐकलं." दुरुस्ती: ऐकलं नव्हतं. लॅपटॉपवर वाचलं होतं. इंजिनाचे ठोके पकडणाऱ्या नॉक सेन्सरचे आकडे लाल आले आणि मी लगेच बाबांना हाक मारली, दादाच्या ट्यूनिंगने इंजिन फुटणार म्हणून. दादा म्हणत होता, "अगो, कान लाव ना आधी. येतोय का आवाज?" मी म्हटलं, "मशीन कशाला खोटं बोलेल?" मग बाबा गॅरेजात गिऱ्हाइकांसमोर त्याला जे बोलले ते तेव्हाच लिहिलंय, पुन्हा नको. महिन्याभरात तो मस्कतला गेला. माझ्याशी तेव्हापासून बोललेला नाही.
"ऐकलं" असं का लिहिलं असेन मी?

४ नोव्हें.
बाबांनी ठरवलं, गाडी विकायची. लोट्याहून एक जण शनिवारी, १५ला, बघायला येतोय. "त्याच्या आधी तुझ्या दादाचं ट्यूनिंग पुसून टाक. कंपनीचं होतं ता परत घाल. फुटणारं इंजिन मी कुणाच्या गळ्यात मारणार नाय."
बरोबरच आहे. पण पुसणं म्हणजे दादा चुकला यावर आमचा शिक्का. तीन वर्षं तो स्वतः बसवलेल्या टर्बोशी झटला, लॅपटॉपवरून पेट्रोल आणि ठिणगी जुळवत. मी शेजारी बसून आकडे वाचायची. तो मला इन्स्पेक्टर म्हणायचा.
पुसण्याआधी एकदा तपासते.

६ नोव्हें.
गाडी बाहेर काढली. सीट त्याच्या पायांच्या मापाची आहे. पुढे सरकवली नाही, पाठीशी उशी घेतली. वेडेपणा.
आरे-वारेच्या चढावर आकडे लाल. वर थांबले, इंजिन नुसतं चालू ठेवलं. तरी लाल! उभ्या गाडीत टर्बो काम करत नाही, भार नाही, मग पेट्रोल वेळेआधी पेटून ठोका बसेल कशाने? हे फेब्रुवारीत बघायला हवं होतं. बघितलं नाही.

७ नोव्हें.
ठिणगीचं टायमिंग तीन अंश मागे घेतलं. ठोका खरा असता तर आकडे उतरले असते. जराही हलले नाहीत. प्लग काढले. स्वच्छ, ठोक्यांनी पिस्टनमधून उडतो तो अॅल्युमिनियमचा एक ठिपका नाही. मग दादासारखा लांब स्क्रू ड्रायव्हर ब्लॉकला टेकवून मूठ कानाशी धरली. एकसारखी घरघर, बाकी काही नाही.
बाबा: "काय गो, इंजिनाशी गुजगोष्टी चालल्यात?"
"हो. ते म्हणतंय, मला काही झालेलं नाही."
बाबा हसले नाहीत. उठून बाहेर गेले.

९ नोव्हें., रवि.
गॅरेज बंद. हवा आत नेणारा इनटेक उतरवला, खाली सेन्सर. पुस्तकात त्याच्या बोल्टला वीसचा टॉर्क, म्हणजे आवळायचा जोर, दिलाय. टॉर्क पाना लावून सोडवला, चाळिसाच्या आसपास सुटला. हा बोल्ट जानेवारीत मी बसवला होता.
बाबा आधी हर्णेला बोटींची इंजिनं करायचे. समुद्रात सगळं हादरतं, नट सैल होतात, म्हणून प्रत्येक नट घट्ट झाल्यावर वर आणखी एक पाव आटा पिळायचा. "हा दर्याचा." मी दहा वर्षांची असताना माझ्या हातावर हात ठेवून शिकवलेला. आता हात न विचारता करतो. पण सेन्सर म्हणजे इंजिनाला लावलेला कान. तो इतका आवळला की नसलेलंही ऐकतो.
वीसवर आवळला. सगळं जोडून पुन्हा त्याच चढावर. शून्य. परत फिरून दुसऱ्यांदा. शून्य.

१० नोव्हें.
रात्रभर एक शंका. काल मी बोल्टाखालचा खारा गंजही पुसला होता. दोष त्याचाच असेल तर? आज परत उघडून मुद्दाम पाव आटा दिला. लाल. सैल करून वीसवर आणला. शून्य.
म्हणजे दोष माझ्या हाताचाच. बाबांनी शिकवलं म्हणून बाबांची चूक, असं मी लिहिणार नाही. बोटीसाठी ते बरोबरच होतं. पुस्तक माझ्यासमोर उघडं होतं.

११ नोव्हें.
दादा दर आठवड्याला आईला विचारतो, "गाडी चालू करतात ना?" आई "हो हो" म्हणते. विकायची आहे हे त्याला सांगितलेलं नाही. आज त्याने आईला फोटो पाठवला, तिथल्या वर्कशॉपच्या दारात उभा. मी तो मोठा करून बघितला. हडकलाय. मागे कुणाची तरी गाडी, बॉनेट उघडं. तिथेही कुणी शेजारी बसून आकडे वाचत असेल का?
आई म्हणाली, "बघतेस काय नुसती? कर की फोन."
"काय बोलू?"
"ता मी सांगू? भांडताना विचारलंस मला?"

१२ नोव्हें., बुध.
मेसेज चार वेळा लिहिला. एकदा नुसता लॅपटॉपवरच्या आकड्यांचा फोटो टाकणार होते, शून्य-शून्य-शून्य. तो बघेल, समजेल, मला काही बोलावं लागणार नाही. पुसला. आरोप मी तोंडाने केला होता, चार माणसांत. मागेही तोंडानेच घ्यायला हवा.
बाबांना अजून सांगितलेलं नाही. आधी त्यांना सांगितलं तर ते म्हणतील, "बरं, मग चांगली किंमत येईल." आधी दादाला सांगितलं तर बाबांच्या पाठीमागे केल्यासारखं. दोघांना एकदमच.
ट्यूनिंग पुसलेलं नाही. पुसणार नाही.
त्याची सुट्टी शुक्रवारी. आमच्याकडे अकराला गिऱ्हाइकं असतात, तेव्हा तिथे साडेनऊ, तो उठलेला असतो. फोन स्पीकरवर, बाबांच्या टेबलावर. उचलला नाही तर पुन्हा लावायचा.
शुक्रवार, १४ नोव्हेंबर, सकाळी अकरा.