सानिकाच्या आईचा आवाज

गुरुवार, संध्याकाळ. महाड.

अजून धुमसतेय. रागच तसा आहे.

माझ्या आठवीच्या मुलांनी पुरावर पॉडकास्ट केला. तुडील गावच्या सानिकाने आईला बोलतं केलं होतं. आई म्हणते, "पाणी माळ्यापर्यंत आलेलं. मी लय घाबरलेली. पण पोरीला कळाय नाय पायजे म्हणून गाणी बोलत बसली." ऐकून वर्गाने तो भाग पुन्हा लावायला सांगितला होता.

आणि आज मुख्याध्यापकांनी तोच भाग दुसऱ्या बाईंकडून शुद्ध भाषेत वाचून घेऊन वर्गात लावला. मला विचारलंही नाही. "मातेने धैर्याने संकटाचा सामना केला." धैर्याने! कुणी सांगितलं यांना?

सानिका तासानंतर आली. "मॅडम, आईचा आवाज खराब हाय काय?"

मी म्हटलं, रेकॉर्डिंग नीट नव्हतं. चक्क खोटं बोलले, तेही त्या पोरीशी. सरांचा राग येतोय की माझा? मी का नाही बोलले तिथल्या तिथे?

घरी आल्यावर राहवलं नाही. तिच्या आईला फोन करून सगळं खरं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "काय बदललं त्यांनी?" मी ते धैर्याचं वाक्य सांगितलं.

"धीर कुठला, मॅडम? मी घाबरलेली. तेच तर सांगितलं ना पोरीला, इतक्या वर्षांनी."

उद्या पहिल्या तासाला मूळ रेकॉर्डिंग लावणार. सरांना आधी सांगेन. परवानगी मागणार नाही.